बावीस पेट्या

दौलतगंजातल्या वाचनालयाच्या ओट्यावर
संध्याकाळी सहाला विमानं विकत घेतली जातात.
किंमत ठरते, फिसकटते, पुन्हा ठरते.
मधेच एक दलाल येतो,
त्याला कुणी पाहिलेलं नाही,
पण त्याच्या बुटांचा रंग मोघ्यांना ठाऊक असतो.

मी पुस्तक बदलून निघते.
पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावते,
खरं तर लागतो त्याहून जास्त वेळ लावते.

पक्की खबर आहे, पिंगळे म्हणतात.
त्यांच्या साडूचा भाचा महाराजपुऱ्याला आहे.
(कँटीनमध्ये आहे. एवढंच ते सांगायचं विसरतात.)
छापून आलंय, सुभेदार म्हणतात.
काय छापून आलंय?
की असं म्हणतात म्हणून.

तेवढ्यात किल्ल्यावरून एक विमान गेलं.
सगळ्यांनी माना वर केल्या,
सगळ्यांनी ते पाहिलं,
आणि ते कुठल्या देशाचं यावर
चहा गार होईपर्यंत वाद झाला.

मग गजकाचा कागद उलगडत मोघे म्हणाले,
एक जुनी गोष्ट सांगतो. कुठं बोलू नका.
बावीस विमानं आली होती.
अकरा रातोरात परत गेली.
आतल्याच एका बाईनं सांगितलेलं.
टायपिस्ट होती. सगळे कागद तिच्या हातून गेले.

पट्टा माझ्या बोटांत तसाच राहिला.

बावीस. अकरा.
दुसऱ्याच्या अंगावर आपलं शिवण दिसावं
तसे ते आकडे दिसले.
सत्त्याऐंशी साल, भांडार विभाग, खिडकीजवळचं टेबल,
पाच प्रती, चार कार्बन,
शेवटच्या प्रतीवर आठ आणि तीन सारखेच उमटायचे.
रबरी वॉशरच्या बावीस पेट्या.
अकरांतले वॉशर मापात बसेनात, परत गेल्या.
विमानतळावर इतकंच घडलं होतं,
आणि मला सातपर्यंत थांबून
सगळं पुन्हा टाइप करावं लागलं.

एकदाच बोलले होते मी,
चैत्रातल्या हळदीकुंकवाला,
वाटली डाळ पळीनं सारखी करता करता:
बावीस आल्या गं, अकरा परत गेल्या,
आणि शिक्षा मला.

आल्या म्हणाले होते मी. गेल्या म्हणाले होते.
विमान येतं, जातं; ते नपुंसकलिंगी.
कुठल्या ओसरीवर, कुठल्या रिक्षात
माझ्या पेट्यांना पंख फुटले?
एवढ्या वर्षांत कुणाचं साधं
व्याकरणसुद्धा अडखळलं नाही?

शेवटी उठले. म्हटलं,
मोघे, त्या पेट्या होत्या. वॉशरच्या.
तुम्हाला कसं माहीत, इंदापूरकर बाई?
मीच टाइप केलंय.

क्षणभर सगळे गप्प.
मग मोघे हसले. लहान मुलाला समजवावं तसे हसले:
तुम्हाला टाइप करायला दिलं ते वॉशरच असणार.
खरी फाइल तुमच्या टेबलावर कशाला येईल?

यावर मला उत्तर सुचलं नाही.
घरी येताना बाड्यावर दोनदा थांबले.
कानात आणि डोळ्यात चार बोटांचं अंतर,
आई सांगायची.
माझ्या डोळ्यांनी काय पाहिलं होतं?
कागद. त्यावर सही. गोल शिक्का.
पेटी एकही उघडून पाहिली नव्हती.
मालाच्या शेडमध्ये मी कधी गेलेच नाही,
तिथं बायका जात नसत.

रात्री डायरीत लिहिलं:
कागद पाहिला. पेट्यांबद्दल वाचलं.
विमानांबद्दल ऐकलं, आज, ओट्यावर.
तीन ओळी, तिन्ही वेगवेगळ्या.
मग दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी पुस्तक न बदलताच गेले.
पाठमोरे मोघे कुणा नव्या माणसाला
हळू आवाजात सांगत होते:
ती बाई याच गावात आहे.
काल स्वतः येऊन नाही म्हणाली.
आता तुम्हीच बघा,
काही नसतं, तर आली असती का?